भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (जन्म: शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील महाराष्ट्रातील थोर गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. ग्रहाच्या विशिष्ट क्षणीच्या गतीचा, म्हणजेच ‘तात्कालिक गती’चा, त्यांनी केलेला विचार गणिताच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. सातव्या शतकातील भास्कर (प्रथम) यांच्याहून ते वेगळे होत.

जीवन

त्यांचे गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. आपले गाव सह्याद्रीच्या सान्निध्यातील विज्जडविड असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. मात्र त्याच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. इ.स. ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ इ.स. ११८३ चा आहे.

तात्कालिक गती

चंद्राची मध्यम दैनंदिन गती सुमारे ७९० कला असली, तरी प्रत्यक्ष गती क्षणोक्षणी बदलते. त्यामुळे दोन दिवसांच्या स्थानांतील फरकावरून काढलेली स्थूल गती वापरल्यास तिथी संपण्याची वेळ चुकू शकते. यासाठी भास्कराचार्यांनी सूक्ष्म, तात्कालिक गती सांगितली. ज्येतील (साइन) क्षणिक बदल कोटिज्येच्या (कोसाइन) प्रमाणात असतो, हे तिचे सूत्र. या दिशेने मुंजाल यांनी दहाव्या शतकात पाऊल टाकले होते. मध्यम व स्पष्ट स्थानांतील अंतर कमाल असते तेथे गतीची दुरुस्ती शून्य होते, हेही भास्कराचार्यांनी दाखवले.

त्यांच्या ग्रंथांत आलेख नाहीत. परंतु आजच्या स्थान-काल आलेखावर हा विचार सहज दिसतो. दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेचा चढ म्हणजे स्थूल गती, तर एका बिंदूतील स्पर्शिकेचा चढ म्हणजे तात्कालिक गती. ग्रह मार्गी असताना चढ धन, स्तंभी असताना शून्य आणि वक्री असताना ऋण असतो.

वारसा

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाचा आश्रय लाभला. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी होते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. त्याच्या दानाची नोंद असलेला इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ त्यातूनच कळते.