संत फ्रान्सिस झेवियर

जुन्या गोव्यांतील बॉम जेझू चर्चमध्यें संगमरवरी चौथऱ्यावर चांदीची एक पेटी आहे. ती गोव्याच्याच कारागिरांनीं १६३७ च्या सुमारास घडविली. नांदगांवाकडील मंडळ्यांतून कोणी गोव्यास जाऊन येतो, आणि त्या पेटीपुढें आपण कसें वर्तावें असें विचारितो. म्हणून तींत ज्यांचा देह आहे त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देतों.

झेवियर ह्यांचा जन्म १५०६ सालीं नावारा येथें सरदार घराण्यांत झाला. पॅरिसच्या विद्यापीठांत त्यांची इग्नेशियस लोयोला ह्यांच्याशीं गांठ पडली, व मोठेपणाची आशा सोडून ते सेवेस लागले. मे १५४२ मध्यें ते गोव्यास उतरले. रोग्यांचा व कैद्यांचा समाचार घ्यावा, आणि घंटा वाजवीत रस्त्यांतून मुलांस शिक्षणासाठीं बोलवावें, असा त्यांचा क्रम असे.

पुढें ते दक्षिणेस मोत्यें काढणाऱ्या परवर लोकांत गेले. त्यांस तमिळ नीट येत नसे. तेथील माणसांकडून त्यांनीं विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा त्या भाषेंत करवून घेतल्या, स्वतः पाठ केल्या, व लोकांकडून एकेक वाक्य म्हणवून घेतलें. एका गांवीं फार दिवस राहणें शक्य नव्हतें. सबब गांवोगांव त्यांनीं शिक्षक नेमून त्यांच्या वेतनाची तजवीज केली. ह्या शिक्षकांसाठीं कोणी चांदीची पेटी केली नाहीं. तरी ती मंडळी मुख्यतः त्यांनींच सांभाळिली असें आम्हांस वाटतें.

दोषहि सांगितला पाहिजे. १५४६ सालीं झेवियर ह्यांनीं पोर्तुगालच्या राजास लिहून गोव्यांत इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारें न्यायालय, मागितलें. तें त्यांच्या मरणानंतर १५६० सालीं आलें, आणि १८१२ सालीं कायमचें बंद होईपर्यंत त्यानें पुष्कळांस छळिलें.

१५४९ सालीं ते जपानास गेले. नंतर चीनचा मार्ग धरला. परंतु परकीयांस तेथें मज्जाव होता. मुख्य किनारा जवळ असतां शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीं ते तापानें वारले. अंतोनियो नांवाचा एक चिनी ख्रिस्ती तेवढा जवळ होता. प्रेत मलाक्कास, व तेथून १५५४ मध्यें गोव्यास आणिलें. १६१४ सालीं त्याचा उजवा हात कापून रोमास पाठविला. ज्यांचें सर्व आयुष्य चालण्यांत गेलें त्यांच्या देहाचें असें करावें, हें आम्हांस रुचत नाहीं.

आम्ही अस्थींची प्रार्थना करीत नाहीं. परंतु रांगेंत उभ्या असलेल्या रोमन बंधूंचा उपहास करूं नये. त्यांच्याबरोबर शांतपणें उभें राहून पाहावें. पेटी दर दहा वर्षांनीं खालीं उतरवितात; मागील दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ पर्यंत झालें.