बाळशास्त्री जांभेकर : ‘दर्पण’कारांच्या मागे लपलेले गणिताचे मास्तर

दरवर्षी ६ जानेवारीला व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक ग्रुपवर एक चित्र येतं. डोक्यावर पगडी, खाली पत्रकार दिनाच्या शुभेच्छा. मास कॉमला असताना आम्हीही एवढंच पाठ केलं होतं. १८३२ साल, दर्पण, मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, झाले दोन मार्क. पण बाळशास्त्री जांभेकर नोकरी कसली करायचे, हे कुणी विचारलं असतं तर वर्गातल्या निम्म्या जणांनी खाली बघितलं असतं. मीही त्यातच.

तर बाळशास्त्री गणित शिकवायचे. आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात ते शाळामास्तरांनाच शिकवत होते, तेही सरकारी संस्थेत.

१८१२ मध्ये सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ले गावात त्यांचा जन्म झाला. वडील गंगाधरशास्त्री विद्वान होते, त्यामुळे मराठी आणि संस्कृतचा पाया घरीच पक्का झाला. तेरा-चौदा वर्षांचे असताना ते मुंबईत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्याकडे आले. बापू छत्रे म्हणजे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीतलं मोठं नाव. त्यांच्याकडे राहून या मुलानं इंग्रजी आणि गणित असं काही आत्मसात केलं की विशीच्या आत तो त्याच सोसायटीत डेप्युटी सेक्रेटरी झाला.

आता त्या काळातलं गणित समजून घेऊ, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. गावात पंतोजींची शाळा असायची. वाड्याची ओसरी नाहीतर देऊळ, समोर धुळाक्षरं गिरवणारी पोरं. पाढे तर असायचेच, शिवाय पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! आपल्याला आज कॅल्क्युलेटरशिवाय सतरा सत्ते सुचत नाही आणि ती पोरं साडेतीनचा पाढा घडाघड म्हणायची. हिशेब, वसुली, व्याज यासाठी ते पुरायचंही. पंतोजींना टाकाऊ ठरवायची एक फॅशन आहे, पण ते मला पटत नाही. अडचण वेगळी होती. छापील पुस्तक नव्हतं आणि उत्तर असंच का येतं हे सांगायची पद्धत नव्हती. भूमिती, बीजगणित तर लांबच.

१८२० च्या दशकात सोसायटीनं मराठीत गणिताची पुस्तकं काढली. त्यात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा हात होता. पुस्तकं आली, सरकारी शाळा निघाल्या. पण ते पुस्तक वर्गात उलगडून सांगणारा मास्तर आणायचा कुठून? काही मास्तरांना मुंबईत शिकवून जिल्ह्यांत पाठवण्यात आलं, पण गरज त्याहून कितीतरी मोठी होती.

बाळशास्त्री १८३४ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले. वय बावीस. या जागेवरचे ते पहिले भारतीय. तिथले गणिताचे मुख्य प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार इंग्रज होते आणि शिकवणंही इंग्रजीत चालायचं. अशा ठिकाणी बसून बाळशास्त्रींनी कॅल्क्युलसवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्याला नाव दिलं शून्यलब्धि. आज आपण ज्याला विकलन म्हणतो तो हा विषय. शब्द टिकला नाही, पण दोनशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की हे मराठीत सांगता येतं, हे मला भारी वाटतं.

त्यांच्या बाकीच्या कामांची यादी लांबलचक आहे. दर्पण १८४० पर्यंत चाललं, त्याच वर्षी दिग्दर्शन मासिक सुरू झालं. कुलाबा वेधशाळा, ताम्रपटांवरचे इंग्रजी लेख, शाळांची तपासणी, ज्ञानेश्वरीची छापील आवृत्ती, सगळं याच माणसाचं. १८४३ मध्ये मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपती शेषाद्री या मुलाला पुन्हा हिंदू धर्मात घेण्यासाठी ते उभे राहिले आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला.

आणि मग १८४५. मास्तर तयार करण्यासाठी नॉर्मल स्कूल काढण्यात आलं. नॉर्मल स्कूल म्हणजे तेव्हाचं डीएड कॉलेजच समजा. त्याचं संचालकपद बाळशास्त्रींकडे आलं. इतकी वर्षं ते शहरातल्या निवडक मुलांना शिकवत होते. आता समोर येणारा प्रत्येक जण उद्या एक शाळा सांभाळणार होता. शिवाय हा माणूस पाठशाळेची परंपरा घरातून घेऊन आलेला, शाळा तपासत हिंडलेला आणि वरचं गणितही येणारा. या कामाला त्याच्याहून योग्य माणूस तेव्हा मुंबईत शोधूनही सापडला नसता.

पण वेळ मिळाला जेमतेम वर्षभराचा. मे १८४६ मध्ये तापाच्या आजारानं मुंबईत त्यांचं निधन झालं. वयाची पस्तिशीही आली नव्हती. इतकी कामं एकाच माणसाच्या अंगावर टाकली नसती तर, असं राहून राहून वाटतं.

नॉर्मल स्कूलची जबाबदारी मग मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे गेली. बाळशास्त्रींच्या विद्यार्थ्यांपैकी दादाभाई नौरोजी पुढे एल्फिन्स्टनमध्येच गणिताचे प्राध्यापक झाले. दुसरे विद्यार्थी केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, पुण्यात गेले. तिथल्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी गणित शिकवलं आणि नंतर डेक्कन कॉलेजातही. डेक्कन कॉलेजातल्या त्यांच्या वर्गात बाळ गंगाधर टिळक नावाचा एक विद्यार्थी बसायचा. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, तेव्हा तिथे गणित शिकवायला टिळकच उभे राहिले.