विश्लेषण : उकाड्यातही इंजिनात बर्फ का जमतो? डॉ. घाटगे यांच्या विमानांची गोष्ट

उन्हाळ्यात शेणव्याहून किन्हवलीकडे दुचाकीवर निघाले की तोंडाला बांधलेला ओला रुमाल गार लागतो. याच नियमाने विमानाच्या इंजिनात उकाड्यातही बर्फ जमू शकतो. वेगवान हवेचे हे शास्त्र भारतात रुजवणाऱ्यांत डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे नाव अग्रभागी आहे.

कोण होते डॉ. घाटगे?

त्यांचा जन्म १९०८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचा. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. वाहती हवा पृष्ठभागाशी जवळजवळ थांबते आणि त्या पातळ थरातूनच उष्णतेची देवाणघेवाण होते, हा प्रांटल यांचा १९०४ चा सिद्धांत. मायदेशी परतल्यावर घाटगे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाले. १९४२ मध्ये तेथील भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकी विभाग सुरू झाला, त्याची धुराही त्यांनी सांभाळली.

थेंबांमुळे तापमान कसे घटते?

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात. थेंब ही उष्णता पृष्ठभागातून आणि लगतच्या हवेतून ओढतो. वारा वाफ वाहून नेतो, म्हणून बाष्पीभवन थांबत नाही.

धोका कुठे?

घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. त्याला पिस्टन इंजिन होते. अशा इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधील अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, पेट्रोलचे थेंब उडतात आणि तिथला धातू २० अंश किंवा त्याहूनही अधिक थंड होऊ शकतो. हवा दमट असेल तर बर्फ धरतो, हवेची वाट अडते आणि इंजिनाची ताकद ऐन उड्डाणात घटते. त्यावर उपाय म्हणून वैमानिक कार्ब्युरेटरला गरम हवा देतो. नवशिक्यांना हा धडा सुरुवातीलाच गिरवावा लागतो.

जेट विमानांत काय होते?

घाटगे यांच्याच देखरेखीखाली साकारलेले ‘किरण’ जेट १९६४ मध्ये उडाले. ताशी ७०० किलोमीटर वेगात नाकाशी थबकलेली हवा सुमारे १९ अंशांनी तापते. ढगातले थेंब मात्र तिथे आदळून बाष्प होतात, त्यामुळे ओला पृष्ठभाग कोरड्यापेक्षा कमी तापतो.

१९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. एचटी-२ वर मात्र भारतीय वैमानिकांच्या कित्येक तुकड्या तयार झाल्या.