लांडाउ यांचा सावकाश कण
द्रवरूप हेलियम सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअसखाली विनाघर्षण वाहते, हे कापित्सा यांनी १९३८ मध्ये दाखवले. त्याच वर्षी त्यांचे सहकारी लेव्ह लांडाउ स्टालिनच्या तुरुंगात गेले. हे कोडे लांडाउच सोडवतील, असे सरकारला कळवून आणि स्वतः हमी देऊन कापित्सांनी वर्षभराने त्यांना सोडवले. धाडसच ते! १९४१ मध्ये उत्तर आले: या द्रवात तरंग उठवायला ठरावीक वेग लागतो; त्याहून सावकाश जाणाऱ्या परक्या कणाला अडवणारे काहीच नसते.

जानेवारी १९६२ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या डोक्याला जबर मार बसला. कित्येक आठवडे ते बेशुद्ध होते. डॉक्टरांनी जीव वाचवला. मेंदूच्या दुखापतीत तेवढे पुरत नाही. त्याच वर्षीचे नोबेल मॉस्कोत रुग्णालयातच मिळाले. १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना पुन्हा संशोधन करता आले नाही.