शेतकऱ्याचा पहिला सिनेमा काढणारे बाबूराव पेंटर

जुने काळे-पांढरे सिनेमे आता साफ होऊन मोबाईलवर दिसायला लागलेत. कॉम्प्युटरवर एकेक चित्र घेऊन ओरखडे, डाग पुसतात. पण त्याला जुनं रीळ तरी हाती लागावं लागतं. आपल्या शेतकऱ्यांचा सिनेमा तिथंच अडकलाय.

बाबूराव मेस्त्री १८९० साली कोल्हापुरात जन्मले. नाटकाचे पडदे रंगवायचे, म्हणून पेंटर. सिनेमाचं वेड लागलं तर गड्यानं कॅमेरासुद्धा स्वतःच तयार केला! १९२० च्या 'सैरंध्री'वर टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' पदवी दिली.

सगळे देवादिकांचे सिनेमे काढत होते, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' काढला. सावकार जमीन गिळतो, शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. अंधारातली झोपडी आणि रडणारं कुत्रं, हा प्रसंग पाहणारे विसरले नाहीत. तीच गोष्ट त्यांनी १९३६ ला बोलपटात पुन्हा सांगितली.

१९५४ ला बाबूराव गेले. पुण्यात सरकारी चित्रपट संग्रहालय झालं १९६४ ला. तोवर त्या काळची कितीतरी रिळं जळाली, सडली, चांदीसाठी वितळवली गेली. मूळ मूकपट 'सावकारी पाश' आज कुठंच नाही. मग साफ करणार काय?

लातूर-नांदेडकडं कुणा जुन्या टुरिंग टॉकीजवाल्याच्या घरात रिळाचा गंजका डबा असेल, तर भंगारात घालू नका. रीळ लगेच पेटतं, चुलीपासून लांब ठेवा अन् पुण्याला कळवा.