दादासाहेब फाळके यांची दुसरी परदेशवारी

दादासाहेब फाळके यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या नाशकात सापडायचे नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, मुलांना घेऊन आपण तिथे जातो. पण एकदा परदेशी जाऊन यंत्रे आणली, तो धंदा हातचा गेला, आणि तरीही हा गृहस्थ पुन्हा बोटीत बसला, ही हकीगत पुष्कळांना ठाऊक नसते. तीच माझ्या साध्या शब्दांत सांगते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलाचा ओढा चित्रकलेकडे, म्हणून तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकला. पहिली पत्नी व मूल प्लेगने गेले. १९०२ साली दुसरे लग्न झाले, त्या सरस्वतीबाई.

पुढे त्यांनी छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला गेले. काम नावारूपाला आले, पण भागीदारांशी पटेना. अखेर दादासाहेब छापखान्यातून बाहेर पडले. वय चाळिशीचे, घरात लहान मुले आणि हाती धंदा नाही! अशा वेळी घरच्या बाईच्या जिवाची काय घालमेल होते ते आपल्याला सांगायला नको.

१९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. आपले राम-कृष्ण पडद्यावर असे का दिसू नयेत, हा विचार मनात शिरला तो निघेना. रात्रंदिवस तोच ध्यास. जागरणे आणि डोळ्यांवरचा ताण इतका झाला की काही काळ दृष्टीच गेली. औषधोपचाराने ती परत आली.

आता कोणी म्हणेल, एवढे झाल्यावर माणसाने गप्प बसावे. दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली. तिथे ओळखीचे कोणी नव्हते. चित्रपटांच्या एका साप्ताहिकाच्या कचेरीत ते आपणहून गेले. संपादकांनी धंद्यातले धोके सांगितले, पण त्यांची चिकाटी पाहून हेपवर्थ नावाच्या निर्मात्याची गाठ घालून दिली. काम पाहून, शिकून, कॅमेरा विकत घेऊन दादासाहेब १ एप्रिलला परत आले.

ह्यानंतरचे निम्मे काम सरस्वतीबाईंचे आहे. भांडवलासाठी त्यांचे दागिने गहाण पडले. कच्च्या फिल्मला भोके पाडायची असत, तीही अंधारात. ते त्या शिकल्या. फिल्म धुणेही शिकल्या. शिवाय कामावरच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक! बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून तारामतीचे काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केले. रोहिदास झाला तो फाळक्यांचाच मुलगा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि लोक लोटले.

त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला कारखाना नाशकात आणला. १९१४ साली ते आपली चित्रे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून काम करावे असेही त्यांना सुचवले गेले, पण ते घरी परतले. महायुद्ध सुरू झाले, पैशाची ओढ लागली. तरी १९१७ साली ‘लंकादहन’ निघाला, मग ‘श्रीकृष्णजन्म’, आणि ‘कालियामर्दन’. त्यांची लेक मंदाकिनी त्यांत बाळकृष्ण झाली. म्हातारपण मात्र ओढीचे गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांनी देह ठेवला.

१९६९ सालापासून सरकार त्यांच्या नावाने मोठा पुरस्कार देते. सरस्वतीबाईंच्या नावाने तसे काही ऐकिवात नाही. दागिना मोडताना बाईचा हात थरथरतो, हे आपण जाणतो. म्हणून पुढच्या वेळी मुलांना घेऊन स्मारकाला जाल, तेव्हा त्यांना दादासाहेबांबरोबर ह्या माउलीचीही गोष्ट सांगा, एवढीच माझी विनंती.