प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला

मोठ्या पुरुषांचीं चरित्रें म्हटलीं म्हणजे राजे, सेनापती व पुढारी हेच आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. प्रकाशाच्या रेषा तपासण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचिलें, अशांची आठवण आपण क्वचितच करितों. असे एक पारशी गृहस्थ आपल्याच मुंबईंत शिकले. विद्यार्थ्यांस त्यांची ओळख असावी, म्हणून हा अल्प परिचय आम्ही येथें देत आहों.

कावसजींचा जन्म १८५७ सालीं झाला. त्या काळीं भायखळ्यास असलेल्या एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १८७८ सालीं ते पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन एम्. ए. झाले व चॅन्सेलरचें सुवर्णपदक त्यांस मिळालें. १८८२ सालीं त्याच कॉलेजांत ते व्याख्याते झाले. त्याच वर्षीं भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनें तितकीच भर घातली. आणि वर्णपटाच्या अभ्यासासाठीं वेधशाळा उभारण्याचें काम तरुण कावसजींवर सोंपविण्यांत आलें.

वर्णपट म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. लोलकांतून प्रकाश गेला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटतो. त्यांत रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या असतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध विजापूर, गुंटूर इत्यादि ठिकाणांहून घेण्यांत आले. त्या वेळीं सूर्याच्या कडेस एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या रेषांजवळ असली तरी सोडियमची नव्हे, असें पुढें इंग्लंडांत नॉर्मन लॉकियर यांस आढळलें, व त्या अज्ञात द्रव्यास हेलियम हें नांव मिळालें. पृथ्वीवर तो वायु १८९५ सालीं सांपडला.

नायगमवाला १८८४ सालीं इंग्लंडास गेले व तेथील ज्योतिर्विदांच्या सल्ल्यानें त्यांनीं यंत्रें निवडलीं. वेधशाळा मात्र मुंबईस न होतां १८८८ सालीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत उभी राहिली. तेथें पुढें आलेली २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती.

मृगनक्षत्रांतील मोठ्या तेजोमेघाच्या वर्णपटांत एक हिरवट रेषा आहे. ती उल्कांमधील मॅग्नेशियमची असावी, असें लॉकियर यांचें मत होतें. तसें असतें तर ती एका कडेस अंधुक दिसावयास पाहिजे होती. नायगमवालांस ती सदैव स्पष्ट व रेखीव दिसली, आणि १८९१ सालीं त्यांनीं तसें प्रसिद्ध केलें. एवढ्या थोर शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध, आपल्या डोळ्यांस जें दिसलें तेंच लिहिणें, हें आम्हांस त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठें कृत्य वाटतें. ती रेषा ऑक्सिजनची आहे, असें १९२७ सालीं सिद्ध झालें.

विजयदुर्गावरून लॉकियर यांनीं हेलियम शोधिला, अशी कथा आपल्याकडे प्रचलित आहे. वस्तुतः ते विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास. त्याच ग्रहणासाठीं नायगमवालांनीं आपली छावणी सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें ठोकिली. खग्रास स्थिति सुमारें दोन मिनिटांची. तिच्या आरंभीं व अखेरीस केवळ कांहीं क्षण सूर्याच्या पातळ बाह्य थराच्या रेषा तेजस्वी दिसतात; हेलियमची पिवळी रेषा ह्याच थरांतील. त्या क्षणाच्या वर्णपटाचीं छायाचित्रें त्यांनीं घेतलीं. त्यांचा अहवाल १९०२ सालीं प्रसिद्ध झाला.

मृगनक्षत्रांतील कित्येक निळसर ताऱ्यांच्या वर्णपटांत हेलियमच्या काळ्या रेषा दिसत, म्हणून त्या काळीं त्यांस हेलियम-तारे म्हणत. परंतु त्या रेषा अतिशय उष्णतेमुळें उठून दिसतात. ते तारे मुख्यतः हायड्रोजनचेच आहेत, हें पुढें कळलें. जवळजवळ हायड्रोजन नसलेला खरा हेलियम-तारा १९४२ सालीं प्रथम ओळखण्यांत आला. असे तारे विरळ आहेत. कोठें शेजारचा जोडीदार तारा हायड्रोजनचें वरचें आवरण ओढून घेतो व हेलियमचा गाभा उघडा पडतो. कोठें दोन श्वेतबटु, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांचे घट्ट गाभे, एकमेकांभोंवतीं फिरतां फिरतां जवळ येऊन एकरूप होतात. त्यांतील एक हेलियमचा असल्यास त्या हेलियमनें वेढलेला नवा तारा पुन्हां तेजाळतो. हें सारें ज्ञान रेषांच्या वाचनांतूनच निघालें.

१९१२ सालीं नायगमवाला सेवानिवृत्त झाले. त्यांचें काम पुढें चालविणारा कोणी पुण्यास नव्हता. वेधशाळा बंद झाली व यंत्रें कोडाइकनालास गेलीं. १९३८ सालीं कावसजी निवर्तले.

महाराजांनीं द्रव्य दिलें, कारागिरांनीं आरसा घडविला. परंतु शिष्य पैशानें विकत मिळत नाहीं. दुर्बिणीमागें दुसरा मनुष्य उभा राहिला नाहीं, म्हणून पुण्याचें दालन मिटलें. आमचे विद्यार्थी थंडीच्या रात्रीं गच्चीवरून मृगनक्षत्र पाहतील, तेव्हां त्यांनीं या एकाकी वाचकाचें स्मरण करावें. आणि त्यांतील एखाद्यानें तरी पुढील पान वाचावयास घ्यावें, एवढीच आमची इच्छा आहे.